पन्नीचा आवाज

नवतप्याचा चौथा दिवस. गोळीबार चौकात,
दुसऱ्या माळ्यावरच्या भाड्याच्या खोलीत
मी सकाळी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतते
आणि माणसांना आवाज ऐकवते.

चार आवाज. काडी पेटल्याचा.
देशीच्या बाटलीचं झाकण मुरडल्याचा.
पन्नीत खर्रा घोटल्याचा.
चौथा नुसताच, बादलीत पडणाऱ्या नळाचा,
तुलनेसाठी.
बोटाला चिमटा, चिमट्यात लाल उजेड,
पडद्यावर ठोके.
प्रस्तावात मी लिहिलं होतं: संकेत आणि ओढ.
अनुदान देणाऱ्यांना आवडला तो शब्द, ओढ.

बहुतेकांचं ठरल्यासारखं होतं.
पन्नी चरचरली की ब्याऐंशीचे सत्त्याण्णव.
जीभ गालाच्या आत, ठरलेल्या जागी जाऊन येते.
ट्रकवाला. शिपाई. टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेला पोरगा.
लग्नाघरी पोळ्या लाटणारी एक बाई म्हणाली,
"म्याडम, बंद करा न हे. तोंडाले पाणी सुटून राह्यलं,
अन् इथं थुकाले जागा नाई."
मी नोंदवलं: लाळ, स्वयंकथित.

क्रमांक एकेचाळीस, नथ्थूजी हेडाऊ,
वय एकसष्ट, दिवसाला चौदा खर्रे.
पन्नी वाजली आणि त्यांचा आकडा
उतरला.
अठ्ठ्याऐंशी, ऐंशी, चौऱ्याहत्तर.
मी चिमटा पुसला, बोट बदललं,
पुन्हा लावला आवाज. पुन्हा उतरला.
"झोप येते का?"
"नाई जी.
तीस वर्स माग चालवला. मंग इकला.
तवापासून मोकळ्या हाताचं लय भेव वाटते.
खर्रा खाल्ला काय, नाई खाल्ला काय.
पन सहा मिनटं घोटतो न,
हाताले वाटते, काम लागलं."

प्रश्नावलीत हातांचा रकाना नव्हता.
उठल्यावर पहिला किती वेळात?
"हात उठले का लगेच."
मी खूण केली: पाच मिनिटांच्या आत.

सर म्हणाले, एक माणूस म्हणजे विदा नव्हे,
ओळ काढून टाक.
तीनदा काढली. तीनदा परत आणली.

संध्याकाळी यंत्र तपासायला
चिमटा स्वतःच्याच बोटाला लावते.
मी सुपारीसुद्धा खात नाही.
काडी: बहात्तर. झाकण: बहात्तर.
पन्नी: त्र्याहत्तर, तेही उकाड्यानं असेल.
नळ: बहात्तर.
तेवढ्यात खाली चौकीदारानं सायकल स्टँडवर लावली.
पहिल्यांदा निसटली. मग लागली.
एकशे आठ.

पाचपावलीच्या दोन खोल्या, मी आठवीत.
एका झटक्यात लागलं स्टँड, तर भूगोल उघडा ठेवायचा.
एकदा निसटलं तर धाकट्याला काखेत घेऊन
मागच्या दारानं नंदनवारांकडे.
दोनदा निसटलं तर काय,
ते आई कधी बोलली नाही.
बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,
सायकल त्याच्याही आधी भंगारात गेली.
मी दारूवर सहा शोधनिबंध लिहिलेत,
सगळ्यांत पिणारा तो सहभागी.

पडद्यावर चौकट लुकलुकते:
सहभागी क्रमांक?
एकशे दोन. शंभर.
खाली चौकीदार पायरीवर बसून
पन्नी घोटायला लागलाय,
आणि मी चिमटा काढत नाही.

उद्या नथ्थूजींची दुसरी फेरी.
हात कुठं ठेवू, ते परत विचारतील.
इतवारीतून सुताची एक लडी आणून
टेबलाच्या खणात ठेवलीय.
प्रस्तावात ती नाही.